पाठ फिरवून बसलेली पलटण

४ जून १९७३, सोमवार

आले! आज दुपारी अकरा ट्रक, दोन बस आणि एक क्रेन इसांडलवानाच्या डोंगराखाली येऊन थांबले. मी वर्गाच्या खिडकीतून मोजत होतो आणि पोरं फळ्याकडे पाहायचं सोडून माझ्याकडे पाहत होती. शेवटी मीच म्हटलं, "चला, भूगोलाचा तास बाहेर." मुख्याध्यापकाला शोभत नाही, पण आज काहीच शोभून घ्यायचं नव्हतं.

चौऱ्याण्णव वर्षांपूर्वी आमच्या झुलू आजोबांनी इंग्रजांच्या फौजेचा जिथे फडशा पाडला, तिथेच त्या लढाईचा चित्रपट काढणार आहेत. दिग्दर्शक लंडनचा, ट्रेहर्न नावाचा. उन्हाने नाक सोललेला, गवती हॅटवाला माणूस. त्याला आमची भाषा येत नाही आणि त्याच्या डर्बनच्या मदतनिसाला येते ती नुसती हुकूम सोडण्यापुरती. म्हणून आमच्या टापूच्या सरदारसाहेबांनी माझं नाव सुचवलं. दुभाष्या आणि रीतिरिवाजांचा सल्लागार! शाळा निरीक्षकांनी सहा आठवड्यांची रजा लेखी दिली. माझ्या हातात एक कर्णा दिलाय. मी तो घरी घेऊन आलो आणि अंगणातून मान्तोंबेलाला हाक मारली, तर पलीकडच्या टेकडीवरच्या तीन घरांतून बायका बाहेर आल्या. बायको नेहमीप्रमाणे माझं कुळनाव घेऊन म्हणाली, "शांडू, मी इथेच उभी आहे."

ट्रेहर्न म्हणाला, चित्रपट जोहान्सबर्गपासून लंडनपर्यंत सगळ्या थिएटरांत लागेल. जोहान्सबर्ग! आमचा थोरला तिथेच कुठेतरी आहे. गेल्या जूनमध्ये विद्यापीठात बहिष्कार झाला, पोरांना काढून टाकलं, मग जो माफीपत्रावर सही करील त्याला परत घेऊ म्हणाले. मी म्हटलं, कर सही. तो म्हणाला, करणार नाही. मी म्हटलं, मग मला तोंड दाखवू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझं अक्षरशः ऐकलं. वर्ष झालं, पत्र नाही. त्याचं नाव या वहीत लिहायचं नाही असं मी रागाच्या भरात ठरवलं होतं. राग गेला, ठराव राहिला.

तर आज स्पष्ट लिहून ठेवतो. मला या चित्रपटात दिसायचंय. माझा चेहरा, ओळखू येईल एवढा. कधीतरी शनिवारी तो मित्रांबरोबर थिएटरात जाईल आणि समोर बाप. तोंड दाखवू नकोस म्हणणारा आता आपणच दाखवायला आलाय, एवढं त्याला कळलं की पुरे. पत्ता नसलेल्या पोराला दुसरं पत्र तरी कसं धाडायचं?

मान्तोंबेलाला सांगितलं. ती स्वेटर विणत होती. "बरं," एवढंच म्हणाली. वर्षभरात तिने त्याच्यासाठी एकदाही डोळे पुसलेले मी पाहिले नाहीत. बायका कधी कधी फार कठोर असतात.

७ जून

माझा दिवस! ट्रेहर्नच्या मदतनिसाने आमची माणसं उंचीने लावायला घेतली. उंच पुढे, बुटके मागे, जणू शाळेचा फोटो काढायचाय. म्हातारे भडकले. भेकीफा सिथोले सत्तरीचा, गुरांच्या बाजारातला सगळ्यात मोठा आवाज. तो म्हणाला, "मास्तर, त्या पोराला सांग, माझा नातू माझ्यापुढे उभा राहणार असेल तर मी आत्ता घरी जातो आणि त्या नातवालाही घेऊन जातो."

मी कर्णा खाली ठेवला आणि ट्रेहर्नला सगळं समजावलं. आमच्या पलटणी वयाने ठरतात. सैन्य म्हणजे बैल. तरणी पोरं शिंगं, ती दोन बाजूंनी धावत जाऊन शत्रूला वेढतात. कर्ती माणसं छाती, ती समोरून भिडतात. आणि डोक्यावर मेणाचं कडं बसवलेले वयस्कर म्हणजे कंबर. कंबर मागे टेकडीवर बसते, लढाईकडे पाठ करून.

"पाठ करून?" ट्रेहर्नने वही काढली.

"हो. लढाई नजरेला पडली की रक्त उसळतं. मग हुकूम कोण ऐकतो? म्हणून त्यांनी नुसतं ऐकायचं. वेळ आली की हुकूम येतो आणि मग उठायचं."

"सुरेख!" ट्रेहर्न ओरडला. "हे असंच व्हायला हवं. एकानेही मान वळवायची नाही."

मी फुशारलो. पुन्हा कर्णा घेतला आणि दोन हजार माणसांना वयाप्रमाणे वेगळं व्हायला सांगितलं. अर्ध्या तासात शिंगं, छाती, कंबर, सगळं जागच्या जागी. मधल्या मोकळ्या पटांगणात मी एकटा उभा.

"मास्तर," भेकीफा ओरडला, "तुझं वय किती?"

सत्तावन्न. आणि लेकीकडून दोन नातवंडं.

भेकीफा इतका हसला की त्याला ढाल टेकवून बसावं लागलं. "ये, ये! आपल्या हाताने रीत लावलीस, आता बस पाठ करून!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला तेव्हा ट्रेहर्न वहीत ती ओळ दोनदा अधोरेखित करत होता.

१२ जून

कंबरेच्या लोकांना डोक्यावर घालायला रबरी कडी दिली. खरं कडं केसांत विणून, मेणाने घोटून बसवतात. हे रबर घाम आला की भुवयांवर उतरतं. भेकीफा त्याला सायकलची ट्यूब म्हणतो.

काल मी एक मूर्खपणा केला. लिहायची लाज वाटते, पण या वहीशी मी खोटं बोलत नाही. बुटांच्या पॉलिशने दाढी काळी केली आणि छातीच्या पलटणीत जाऊन उभा राहिलो. पाच मिनिटंही गेली नाहीत. शेजारचा दणकट गडी वळून म्हणाला, "गुड मॉर्निंग, सर." एकोणीसशे सत्तावन्नची सातवीची बॅच. मग त्याच्या पलीकडचा. मग रांगच्या रांग ढाली सावरून उभी राहिली आणि तीनशे लोक एका सुरात, "गुड मॉर्निंग, सर!"

ट्रेहर्नने कर्ण्यातून विचारलं, हा कुठला युद्धघोष? पहिल्यांदाच भाषांतर करायला दुभाष्या जागेवर नव्हता.

घरी पॉलिश निघेना. मान्तोंबेलाने रॉकेलने घासलं आणि घासता घासता एवढी हसली की मलाही हसू आलं. वर्षभरात आम्ही दोघं असे एकत्र हसलो नव्हतो.

१५ जून

आज एक गोष्ट लक्षात आली आणि तिच्यामुळे मला जेवण गेलं नाही. कॅमेरे तीन आहेत. तिन्ही पांढऱ्या तंबूंजवळ, लालकोटवाल्या इंग्रज शिपायांच्या पाठीशी. तिथून टेकडीवरची आमची कंबर म्हणजे बाजरीचे दाणे, आणि तेही पाठमोरे.

आणि फक्त कंबरच नाही. कॅमेरा त्यांच्यात उभा आहे म्हणजे थिएटरातला माणूसही त्यांच्यातच बसणार. आम्ही त्याच्या अंगावर धावून येणार. आम्ही येताना दिसू, पण येण्याआधी कसे बसलो होतो, एकमेकांना काय म्हणत होतो, हे कुणाला कधी दिसणारच नाही.

ट्रेहर्नला गाठलं. म्हटलं, "एक कॅमेरा आमच्या टेकडीमागे आणा. कंबर लढाईकडे पाठ करून बसते ना, मग आमच्या पुढ्यात उभं राहा. तुम्हाला आमची तोंडं दिसतील आणि आमच्या खांद्यांवरून मागे सगळी लढाई. रीतही मोडत नाही."

त्याने हॅट मागे सारली. मग म्हणाला, "मास्तर, प्रेक्षकाला सैनिकांच्या बाजूने भीती वाटायला हवी."

"आम्हीपण सैनिकच होतो," मी म्हटलं.

तो 'विचार करतो' म्हणाला. साहेब लोक विचार करतो म्हणतात तेव्हा बहुधा चहाला निघालेले असतात.

१९ जून

फार आनंदाची बातमी! दुपारी दोन माणसं आली, एक गोरा, एक आपल्यातला. साध्या कपड्यांत, पांढऱ्या मोटारीतून. म्हणाले, विद्यापीठाच्या कचेरीतून आलोय. बहिष्कारातल्या मुलांना परत घ्यायचं चाललंय, तुमचा थोरला हुशार आहे, त्याचं वर्ष वाया जाऊ नये. पत्ता विचारला. मी म्हटलं, जोहान्सबर्गला असेल. मित्र कोण, पत्र येतं का, कुणी नातेवाईक सीमेपलीकडे आहेत का, सगळं आस्थेने विचारलं. मी म्हटलं, बायकोची मावसबहीण सीमेपलीकडे मान्झिनीला असते, एवढंच. त्यांनी फोटो मागितला. शाळेच्या कोटातला होता तो दिला.

मान्तोंबेला नदीवरून पाणी घेऊन आली. तिला सांगितलं तर तिने बादली अशी टेकवली की निम्मं पाणी सांडलं. "कुठली गाडी? नंबर पाहिलात?" अहो, पोराला परत घ्यायला आलेल्या माणसांच्या गाडीचा नंबर कशाला पाहायचा? मग म्हणाली, "त्या वहीत काय काय लिहिता तुम्ही?" मी म्हटलं, सगळं.

२० जून

मान्तोंबेला पहाटेच्या बसने मान्झिनीला गेली. चर्चच्या गुरुवारच्या प्रार्थनामंडळातल्या बायकांचं संमेलन आहे म्हणे. ते तर जुलैत असतं. बायकांच्या प्रार्थनेलाही आता तारखा राहिल्या नाहीत. तो मोठा स्वेटर घेऊन गेली, कुणा गरिबासाठी. गरीब चांगला सहा फुटी असणार.

मी सकाळी आणि रात्री फुथू, म्हणजे मक्याचा मोकळा सांजा, करपवून खाल्ला. अमासीचं आंबट दही आहे म्हणून निभावतंय.

२२ जून

ट्रेहर्न टेकडीवर आला!

भेकीफाने निरोप धाडला होता, साहेबाला बिअर प्यायला बोलाव. भांडं फिरलं. ट्रेहर्नने आमच्यासारखाच फेस फुंकून घोट घेतला आणि पुढच्याला दिलं, तेव्हाच म्हाताऱ्यांनी त्याला पास करून टाकलं. खाली सपाटीवर छातीची तालीम चालू होती. तो बघायला वळला तर भेकीफाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मास्तर, सांग त्याला. इथे बसायचं तर पाठ करून बसायचं. नाहीतर खाली जा."

ट्रेहर्न बसला. डोंगराकडे पाठ, दोन्ही बाजूंना म्हातारे. मागून दोन हजार पावलांचा आवाज जमिनीतून वर येत होता. ढालींवर भाले आपटल्याचा आवाज. मग मधमाश्यांसारखा गुणगुणाट, आमची माणसं दाताआडून काढतात तो. ट्रेहर्नची मान हळूहळू वळायला लागली.

"अंहं," भेकीफा म्हणाला.

मान सरळ. परत थोड्या वेळाने वळली. परत "अंहं!" तिसऱ्या वेळी आम्ही सगळेच हसायला लागलो आणि तोही हसला, पण त्याच्या हातावर काटा आलेला मी पाहिला.

उठताना तो एवढंच म्हणाला, "मास्तर, कॅमेरा इकडे आणतो. रूळ टाकू. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक चेहरा."

मी त्याला मिठी मारली. निरीक्षकांच्या कानावर जायला नको.

२६ जून

मान्तोंबेला परत आली. चेहरा उतरलेला, पण शांत. "बहीण बरी आहे का?" विचारलं तर म्हणाली, "घर बदललं तिने." एवढंच.

लढाई जानेवारीतली आणि आता थंडी, गवत पिवळं. म्हणून आज चार पंपांनी सगळा उतार हिरवा रंगवला. भेकीफाची गाय तोंड हिरवं करून घरी गेली. तो म्हणतो, गाईने काम केलंय, तिचंही नाव पडद्यावर यायला हवं.

रांगेतल्या जागा ठरल्या. कॅमेरा डावीकडून निघणार. मी ट्रेहर्नला गोड बोलून अगदी उजवीकडची, शेवटची जागा मागून घेतली. कॅमेरा तिथे येऊन थांबणार आणि सावकाश दहा मोजेपर्यंत माझ्यावरच राहणार! हावरटपणा आहे, मला ठाऊक आहे. पण दहा अंकांत बापाचा चेहरा नीट पाहून होतो.

२९ जून, शुक्रवार

क्रमाने लिहितो.

तंबू आणि गाड्या खऱ्याच जाळायच्या होत्या, म्हणून एकच संधी. आम्ही दोनशे बारा म्हातारे रांगेत बसलो. पाठीमागे डोंगर, पुढ्यात रूळ. रुळांच्या डाव्या टोकाला कॅमेरा, त्याच्या गाडीवर ट्रेहर्न. लाल झेंडा पडला.

आधी बिगुल. मग तोफ, अशी की दात खुळखुळले. मग गुणगुणाट सुरू झाला आणि टेकडी आतून थरथरायला लागली. कॅमेरा निघाला. पहिलाच भेकीफा. त्याने तोंड असं केलं होतं जणू त्याचा पुतळा बसवतायत. मी मनात म्हणत होतो, सरळ बस, हनुवटी वर, डोळे मिचकावू नकोस. मी चेहरासुद्धा ठरवला होता. रागीट नाही, फार हसराही नाही. घरी ये म्हणणारा.

मग बंदुका सुरू झाल्या. खोटी काडतुसं, पण शेकड्यांनी. आणि गुणगुणाट थांबला.

मला ठाऊक होतं की थांबणार. पटकथेतलं ते पान मीच भाषांतर करून त्यांना शिकवलं होतं. छाती ओढ्याच्या घळीत अडकते, गोळ्यांखाली पडून राहते, तीन मिनिटं. पण कागदावरची तीन मिनिटं वेगळी. मागे नुसत्या बंदुका, आणि माझी माणसं गप्प. त्यातल्या निम्म्यांना मी बाराखडी शिकवली. कोण डावखुरा, कोण तोतरा, कुणाला उगाच छडी मारली, सगळं आठवलं. पाठीला डोळे नसतात हे किती वाईट आहे! कॅमेरा मध्यावर आला. माझ्यापासून शंभर माणसं. साठ. चाळीस.

तेवढ्यात चित्रपटातल्या सरदाराचा आवाज आला. न्कुथूचा एक बसड्रायव्हर ते काम करतोय, त्याचा गळा कर्ण्याशिवाय कर्णा आहे. 'राजाने तुम्हाला निजायला धाडलं होतं का?' असं काहीसं तो ओरडला. आणि मग दोन हजार गळ्यांतून आमची युद्धगर्जना, "उसूथू!"

कॅमेरा वीस माणसांवर होता. मी उठलो.

कुणी उठवलं नाही. हुकूम नव्हता. मी उठलो, मागे वळलो, आणि पाहिलं. सगळा हिरवा उतार चालायला लागला होता. घळीतून ढालीमागून ढाली वर येत होत्या, शिंगं दोन्हीकडून मिटत होती आणि मधे ते तंबू, एवढेसे. आणि मी पळत सुटलो. मी, सत्तावन्न वर्षांचा मुख्याध्यापक, उतारावरून, ओरडत! रबरी कडं उडालं. मागे धप धप धप आवाज आला म्हणून मान वळवली तर दोनशे अकरा म्हातारे पाठोपाठ, भेकीफा काठी गरगर फिरवत. ओढ्याजवळ एक लालकोटवाला उभा होता, डर्बनचा बँकेतला पोरगा. तो म्हणाला, "सर, तुमचा सीन नाही हा!" आणि तरीही जीव घेऊन पळाला.

डोंगराच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा मी हसत होतो आणि रडत होतो. आमच्या आजोबांना त्या दिवशी कसं वाटलं असेल ते मी तीस वर्षं पोरांना शिकवलं. कळलं आज.

चेहऱ्याची आठवण झाली ती पाणी पिताना.

३० जून

ट्रेहर्न सकाळी भेटला. काल आधी त्याने शिव्या दिल्या, मग हॅट जमिनीवर आपटली, मग बसून राहिला. आज म्हणाला, "मास्तर, दोनशे पाठी उतारावरून पळताना आहेत माझ्याकडे. सगळ्या चित्रपटात एवढं चांगलं दुसरं काही नाही. ठेवणार आहे."

"आणि माझा चेहरा?"

"तुमच्यापर्यंत पोचलोच नाही. एकोणीस माणसं उरली होती."

पुन्हा घेता येईल का विचारलं. त्याने जळलेल्या गाड्यांकडे हात केला. भेकीफाचा चेहरा मात्र पुरता आलाय, नाकातल्या केसासकट.

मी स्वतःवर इतका चिडलोय की सांगता येत नाही. आणि तरी, खरं लिहायचं तर, पुन्हा तो आवाज आला तर पुन्हा उठेन.

५ जुलै

वर्तमानपत्रात छापून आलं, 'शाळामास्तराच्या चिथावणीने झुलू म्हाताऱ्यांनी शिस्त मोडली.' गमतीनेच लिहिलंय. निरीक्षकांना गंमत कळली नाही. बोलावून घेतलं. टेबलावर छापील कागद होता. मी कुणालाही उठवलं नाही, मी इतरांनंतर उठलो, असं लिहून द्या, सही करा, प्रकरण मिटेल. नाहीतर सरकारी नोकराने जमावाला उठवलं याची चौकशी होईल. अशा बाबतीत तुमच्या घराचं नाव आधीच आहे, असंही म्हणाले. कशाबाबत, ते सांगितलं नाही.

"मग आधी कोण उठलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "भेकीफा सिथोले."

आणि सही केली. पेन चांगलं चालत होतं.

घरी येताना भेकीफाकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, भांडेल. त्याचा चेहरा उजळला. "मी? आधी? कागदावर लिहिलंस?" सत्तरीच्या माणसाला कोण हात लावतोय, म्हणाला. आता गावभर सांगत सुटलाय की, 'मी उठलो म्हणून सगळे उठले.' मान्तोंबेलालाही तसंच वाटतं. मी तिला काही बोललो नाही.

१८ ऑक्टोबर १९७४

ही वही वर्षभर उघडली नव्हती. आज ट्रेहर्नचं पत्र आलं. चित्रपट लंडनमध्ये लागला, लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. 'तुमची पाठ अप्रतिम आली आहे,' असं लिहिलंय.

आणि आजच्याच वर्तमानपत्रात सरकारी सेन्सॉर मंडळाचा निर्णय. चित्रपट गोऱ्यांना पाहता येईल. आपल्या लोकांना दाखवायचा नाही. आपणच आपल्या आजोबांना लढताना पाहिलं तर म्हणे शांतता बिघडेल! दोन हजार माणसं त्यात पळाली, एकालाही तो दिसणार नाही. भेकीफा थुंकला आणि गुरांकडे निघून गेला.

म्हणजे जोहान्सबर्गलाही नाही. म्हणजे पाठसुद्धा त्याच्यापर्यंत पोचणार नाही. मी मान्तोंबेलाला म्हटलं, "संपलं."

ती बातमी नीट, दोनदा वाचत होती. "बंदी फक्त आपल्या देशात ना?" तिने विचारलं.

"मग आणखी कुठे असणार?"

"काही नाही, विचारलं." आणि तिने पेपर घडी घालून पेटीत ठेवला. चूल पेटवायला मागितला तर दिला नाही.

१५ डिसेंबर

मान्तोंबेला काल मान्झिनीहून आली. आज चर्चनंतर तिने मला मागच्या झोपडीत नेलं, दार लावलं आणि मला बसवून सगळं सांगितलं. अडीच वर्षांचं सगळं.

काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. ती समोर बसून पेन्सिलीवर नजर ठेवून आहे. ती दोन माणसं कुठल्या कचेरीतून आली होती तेही आता मला ठाऊक आहे, आणि माझ्या हाताने मी त्यांना काय दिलं तेही. मी रडलो. ती म्हणाली, "तुम्हाला सांगितलं नाही कारण तुमच्या पोटात काही राहत नाही. राहिलंच तर वहीत जातं." ही वही उद्या ती कुठेतरी ठेवणार आहे. कुठे ते मलाही सांगणार नाही.

एक गोष्ट लिहायची परवानगी मिळाली आहे. एका गावात, जिथे थिएटरच्या दाराशी कुणी कातडीचा रंग पाहत नाही, एका पोराने एक चित्रपट लागोपाठ तीन दिवस पाहिला. तिसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन गेला. आणि त्याने निरोपात एकच प्रश्न विचारलाय: ते म्हातारे रांगेत बसलेले असतात, हुकूम नसतो, त्यांच्यात सगळ्यात आधी कोण उठलं?

"काय कळवू?" मान्तोंबेला म्हणाली. "भेकीफाआजोबा ना?"

मी म्हटलं, नाही. मग तिला निरीक्षकांच्या कागदाचं सांगितलं, सहीसकट. जी सही केली नाही म्हणून मी त्याला घराबाहेर काढलं, तसलीच मी दोन मिनिटांत करून आलो होतो. तिने दाराची कडी पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाली, "हेही कळवू?"

"सगळं कळव."

इथे नावं लिहायची नाहीत असं तिने बजावलंय. त्याचं लिहिलेलं नाही. पण हे एक मी लिहिणार, आणि खाली माझ्या हाताने सही करणार.

सगळ्यात आधी मी उठलो.

एल्फास म्बाथा, मुख्याध्यापक.